चाकं फिरतायत ना?

मी एक जीप बोलतेय. जुनी, हिरवी, हातानं गिअर टाकायची, चारही चाकांत जोर असलेली. तरुणपणी मी एक नेम केला होता. कॉलरॅडोच्या डोंगरात पहिल्यांदा बर्फातून वर चढले, त्या दिवशी समोरच्या शिखराला साक्षी ठेवून मनाशी म्हटलं, जाईन तिथे स्वतःच्या जोरावर जाईन. दुसऱ्यानं ओढून नेण्याची वेळ स्वतःवर येऊ देणार नाही.

नेम करताना जरा खाली मान घालून करावा. मी मान ताठ ठेवून केला होता.

माझा पहिला मालक गुरांचा डॉक्टर होता. अडलेल्या गाईसाठी आम्ही नदीच्या पात्रातून गेलो आहोत. पुढे तो थकला आणि मी गोठ्यामागे उभी राहिले. माझ्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालू लागली. तिचा मला राग नव्हता. कुणाला तरी माझा उपयोग होता, एवढंच तेव्हा पुरेसं वाटे.

मग डेल्मर आणि अर्डिस आले. मिनेसोटाकडचं म्हातारं जोडपं. राहतं घर विकून त्यांनी एक भलंमोठं मोटारघर घेतलं होतं. आत बिछाना, चूल, न्हाणी, सगळं. उन्हाळा उत्तरेला, हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात. डेल्मरनं माझ्या आतले गिअरचे दोन्ही दांडे हलवून पाहिले आणि तो खूश झाला. "हीच पाहिजे. चारही चाकांवर मागून ओढत नेता येईल."

ओढत! तो शब्द कानी पडला आणि मला तिथेच गंजून जावंसं वाटलं.

माझ्या नाकाला लोखंडी दांडा जोडून त्यांनी मला मोटारघरामागे बांधलं. इंजिन बंद, आत कुणी नाही, तरी चाकं फिरतायत आणि स्टिअरिंग आपोआप वळतंय. शेजारच्या गाड्यांतली मुलं काचेला नाक लावून ओरडायची, "बाबा, त्या गाडीत माणूसच नाही!" डोंगराच्या वाटेनं चिखलानं माखलेल्या जीपा वर जाताना दिसत आणि मी पुढच्याची धूळ खात मागून चाललेली. असं वाटे, कुणी ओळखू नये.

मुक्कामी पोचल्यावर मात्र मला सोडत. मग मी बाजाराला, दवाखान्याला, रविवारी चर्चला जायची. तेवढा वेळ मी जीप असायची.

जोडणीचं काम डेल्मरचं. दांड्याच्या खिळी, साखळ्या, दिव्यांची तार. मग माझ्या आत येऊन किल्ली फिरवून स्टिअरिंग मोकळं करायचं. माझ्यात दोन दांडे आहेत: मोठा गिअरचा, आणि जोर कुठल्या चाकांना द्यायचा ते ठरवणारा छोटा. छोटा न्यूट्रलला टाकला की चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो. मग मोठा गिअरमध्ये ठेवायचा, हँडब्रेक सोडायचा. छोटा दांडा विसरला तर चाकं उलट इंजिनालाच फिरवत सुटतात आणि यंत्राचा चुराडा होतो.

म्हणून या मोटारघरवाल्या लोकांत एक रीत आहे. कुणी जोडणी करत असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही. शेजारी निरोप घ्यायला आला तरी लांबून हात हलवतो आणि थांबतो. एक वाक्य मध्ये आलं की एक खिळी राहते, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शेवटचं काम अर्डिसचं. ती माझ्या बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटायची. "प्रभू, पुढच्याला मागच्याची आठवण राहू दे." मग डेल्मर मोटारघर अगदी हळू पुढे घ्यायचा, ती माझ्या बाजूनं चार पावलं चालायची, चारही चाकं फिरतायत ना ते बघायची आणि हात वर करायची. तो तिचा नेम होता. हात वर झाल्याशिवाय घर रस्त्याला लागायचं नाही.

पुढे डेल्मर विसरू लागला. चष्मा, गोळ्या, शेजाऱ्याचं नाव. लेक कॅरिन फोनवर म्हणाली, "आता एक जरी चूक झाली ना, तर मोटारघर विकायचं. तुम्ही माझ्याकडे." राहायला दुसरं घर नव्हतंच. अर्डिसनं उभ्या आयुष्यात मोटारघर चालवलं नव्हतं. त्यामुळे डेल्मर चुकू नये, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं घर उभं होतं. आणि तिचं ते चार पावलं चालणं त्याला टोचू लागलं.

"काय तपासतेस? मला शाळेत घातलंय का परत?"

"चाकं बघते रे."

"चाकं नाही, मला बघतेस तू."

वाळवंटातून निघायच्या सकाळी तो माझ्यात बसला होता. किल्ली फिरवली. छोट्या दांड्यावर हात ठेवला. तेवढ्यात मोटारघराच्या दारातून अर्डिस म्हणाली, "डेल्मर, रक्तदाबाची गोळी घेतलीस का?" काळजीनंच म्हणाली. तो उठला, गोळी घेतली, परत आला. मोठा दांडा गिअरमध्ये टाकला, हँडब्रेक सोडला, दार लावलं.

छोटा तसाच राहिला.

मी ओरडत होते, पण जीपेचं ओरडणं इंजिन बंद असताना कुणाला ऐकू जाणार? अर्डिस बॉनेटवर हात ठेवायला आली. "चढ गं आता," तो मोटारघराच्या खिडकीतून म्हणाला. "लोक बघतायत." तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा अपमान नको म्हणून ती तशीच आत जाऊन बसली.

खडीवर मी फरफटले. डांबरी रस्ता लागला तसं माझं बंद इंजिन किंचाळत फिरू लागलं. मोटारघर इतकं अवजड की पुढे बसलेल्यांना काही कळेना. शेवटी अर्डिसला आरशात धूर दिसला. ते थांबेपर्यंत माझ्या क्लचच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. क्लच फुटला म्हणून इंजिन तेवढं वाचलं.

"म्हातारी झाली जीप," डेल्मर उतरत म्हणाला. "भंगारात काढायला हवी."

मग त्यानं दार उघडलं. छोटा दांडा पाहिला. त्याचे कान लाल झाले होते. ओढून नेताना मला जी लाज वाटायची, ती मी पहिल्यांदाच माणसाच्या तोंडावर पाहिली.

"हिचा काही दोष नाही, अर्डिस."

"मी मध्येच बोलले तुझ्याशी."

"आज तू बोललीस म्हणून विसरलो. उद्या कुणी न बोलताही विसरेन. संपलं. कॅरिनला फोन कर."

"करते. पण ती येईपर्यंत काय रस्त्याच्या कडेला स्वयंपाक मांडू? पुढच्या गावापर्यंत मी चालवते."

"तू? तुला दुकानातली ट्रॉली सरळ ढकलता येत नाही!"

"तिचं चाकच वाकडं असतं. किल्ली दे."

"आणि मी काय करू?"

अर्डिसनं माझा छोटा दांडा न्यूट्रलला ओढला. "तू चाकं बघ," ती म्हणाली. "मला पुढून दिसत नाहीत."

तो माझ्याजवळ आला. बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाला, "तुझी-माझी आता एकच गत, बये." मोटारघर धक्के खात पुढे सरकलं. डेल्मर चार पावलं माझ्या बाजूनं चालला. एक चाक, दुसरं, तिसरं, चौथं. मग त्यानं हात वर केला.

कॅरिनला फोन झाला, पण न्यायला ये म्हणून नव्हे. "आई चालवते," डेल्मरनं सांगितलं. "वळणावर देवाचं नाव घेते, पण चालवते."

माझा क्लच नवा घातला. डोंगर मात्र आता झेपत नाही. आजही मी मागेच असते, आणि चिखलानं माखलेली एखादी तरुण जीप शेजारून गेली की मान खाली जातेच. खोटं कशाला बोलू? पण निघण्याआधी एक म्हातारा माझ्या बाजूनं चालतो. तेव्हा जुन्या नेमाची मला आणखी लाज वाटते. त्या नेमात दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती.

म्हणून नवा नेम केलाय. कुणी ओढून नेलं तर निमूट चालायचं, आणि नेणाऱ्यासाठी प्रार्थना करायची. ऐकणाऱ्या बाई, दादा, तुम्हीही एक नेम करा. तुमच्यामागे कुणी बांधलेलं असेल, बोलता न येणारं, तर लोक बघतायत म्हणून घाई करू नका. आधी खाली उतरा. त्याच्या बाजूनं चार पावलं चाला. मग हात वर करा.