दर चार मिनिटांना एक बाकडं

पोस्टमनकाकांच्या हातात हॉटेलची जाहिरात देणं म्हणजे घरात भांडण विकत आणणं. भांडण हॉटेलवाल्याशी, पण ऐकायचं काकूंनी.

"‘शहराच्या मध्यवर्ती भागात’ म्हणे!" काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि पत्ता काय, तर दोनशे चौदा, ब! अगं, रस्त्याचा पहिला नंबर जिथं, तिथं मध्यवर्ती भाग. दोनशे चौदाला पोचेपर्यंत बुटाचा तळ झिजतो. आणि ‘ब’ म्हणजे मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांना खेटून. चौतीस वर्षं पत्रं वाटलीत मी, मला शेंडी लावतात!"

"नका घेऊ ते," मटार सोलता सोलता काकू म्हणाल्या. "पण ओरडता कुणावर? तो ऐकतोय का तिकडे?"

ओरडण्यामागे मात्र मोठी हौस होती. चौतीस वर्षांत परदेशातून आलेली कितीतरी पाकिटं काकांच्या हातून गेली होती. पाकीट उलटं करून मागचा पत्ता वाचायचा, ही त्यांची जुनी खोड. त्यातले तीन रस्ते, तीन शहरांतले, त्यांच्या डोक्यात घर करून बसले होते. एकदा तरी तिथं पायी जाऊन यायचं, काकूंना घेऊन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता नाही तर कधी?

लेक दुसऱ्या गावात राहायची. बुकिंग ती करणार होती, आणि तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, हॉटेलं तुम्ही निवडा. पण आईच्या गुडघ्याला चालणं झेपणार नसेल, तर मुकाट्यानं ग्रुपबरोबर बसनं जायचं. रविवारी रात्री मी काय ते बुक करून टाकणार."

बसनं! बसच्या काचेतून तो रस्ता बघायचा म्हणजे पाकीट न फोडता पत्र वाचल्यासारखंच. काकांना ते ऐकूनच घास गोड लागेना.

गुडघ्याची गोष्ट खोटी नव्हती. दोन वर्षांपूर्वी काकू जिन्यावरून घसरल्या होत्या. आता ठणठणीत आहे म्हणायच्या, पण काकांना काय डोळे नव्हते? गेले चार महिने संध्याकाळी दोघं बाजारात निघाली, की काकू दर चार मिनिटांनी थांबायच्या. पहिला थांबा नळांच्या दुकानापुढे. मग फोटोवाल्याची काच. मग वाचनालयाच्या भिंतीवरची सूचना, जी महिनाभर बदललेली नसायची. जन्मात कधी नळाकडे मान वळवून न बघणारी बाई आता एकेक तोटी डोळे भरून बघत होती! काका मनात म्हणाले, दुखतंय बिचारीला, पण सांगेल तर शपथ. बरं, सांगू नको. मीही विचारणार नाही.

आणि त्यांनी गुपचूप नवाच हिशेब मांडला. हॉटेल असं हवं, की तिथून निघाल्यावर दर चार मिनिटांना टेकायला काहीतरी मिळालंच पाहिजे. बाकडं, बागेचा कट्टा, बसथांबा, काहीही. लेकीनं कॉम्प्युटरवर परदेशातल्या रस्त्यांचे फोटो बघायला शिकवलं होतं. काका त्या रस्त्यांवरून तासन्‌तास बोटानं हिंडायचे, आणि बाकडं दिसलं की नकाशावर लाल पेन्सिलीनं फुली मारायचे. पुलाजवळचं देखणं हॉटेल एका फटक्यात बाद झालं, कारण अख्ख्या पुलावर बूड टेकायला जागा नव्हती. दोन शहरं पक्की झाली. तिसरं टेकडीवरचं. तिथल्या चौकातल्या हॉटेलला बासष्ट पायऱ्या निघाल्या. शेवटी ट्रामच्या थांब्यालगत एक छोटंसं, लिफ्ट असलेलं सापडलं, तेव्हा कुठं काकांचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी दुपारी काकू बटणं आणायला म्हणून एकट्याच बाहेर पडल्या. त्या महिन्यातली त्यांची ही चौथी बटणं. काकांना मात्र बरंच वाटलं. आज कुठं थांबायला नको! पिशवी घेतली आणि जुन्या झपाट्यानं बाजाराकडे सुटले.

नळांच्या दुकानापाशी पाय आपोआप थांबले. सवय, काका म्हणाले. पण छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. दाराशी नेहमीचं स्टूल होतं. महिन्याभरापासून दुकानदार ते बाहेर ठेवायचा. काकूंसाठी, असंच काका समजायचे. पण काकू कधी बसतच नसत. "तुम्ही बसा हो, मला नळ बघू दे," म्हणायच्या, आणि काका आपले सोबत म्हणून बसायचे.

आज सोबत कुणाची? तरी काका मटकन बसले.

"एकटेच आज?" दुकानदारानं विचारलं. "बसा, बसा. तुमचंच स्टूल आहे."

"माझं कसलं? आमच्या हिच्यासाठी ठेवता ना तुम्ही?"

"छे हो! काकूंनीच सांगितलं ठेवायला. म्हणाल्या, ह्यांना हल्ली दम लागतो, बोललं की चिडतात. मी नळ बघत उभी राहते, तेवढ्यात ते बसतील. चार महिन्यांत एक नळ घेतला नाही, पण दुकानातल्या सगळ्या नळांच्या किमती पाठ आहेत त्यांना!" दुकानदार हसला आणि त्यानं एकदम जीभ चावली. "अरे देवा! हे सांगायचं नव्हतं."

काकांना आधी राग आला. दम? मला? वीस-वीस किलोमीटर सायकल हाणलेल्या माणसाला? मग रागासाठीसुद्धा श्वास पुरेना, तेव्हा लाज वाटली. मग तोट्या निरखत उभी राहिलेली बायको डोळ्यांपुढे आली, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. दुकानदारानं पाण्याचा पेला पुढे केला. काका बाजारात गेलेच नाहीत, रिकामी पिशवी घेऊन हळूहळू घरी परतले.

घरी काकू नकाशे उघडून बसल्या होत्या. बटणांचा कुठं पत्ता नव्हता.

"ह्या लाल फुल्या कसल्या हो?"

"बाकडी आहेत."

"कुणासाठी?"

तुझ्या गुडघ्यासाठी, असं म्हणता आलं असतं. काकूंनी ते मानूनही घेतलं असतं, आणि पुढची चार वर्षं नळ बघितले असते. पण काकांनी चौतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं.

"तुझ्यासाठी म्हणून मारल्या होत्या," ते म्हणाले. "पण त्या माझ्यासाठी आहेत. मला दम लागतो. चार पावलं चाललं की लागतो. मला भीती वाटते गं."

काकूंनी नकाशे बाजूला सारले. मग त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला. "सुटले बाई! आता त्या नळांचं तोंड बघायला नको."

"आणि तुझा गुडघा?"

"कधीच बरा झाला. तुम्ही पेपरात डोकं घालता तेव्हा मी रोज दोनदा जिना चढून-उतरून येते. प्रवासाची तयारी! तुम्हाला वाटतं तुम्हालाच हौस आहे?"

काका खुर्चीत टेकले. "डॉक्टरला दाखवावं म्हणतो. लेकीला सांग, उद्या काही बुक करू नको, डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे. पण इथं चांगला कुठं आहे, कोण जाणे."

काकूंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. वर पत्ता होता, खाली त्यांच्या हातचा वाकडातिकडा नकाशा. "तीन दवाखाने बघून आले. एकाला जिना होता. दुसरा चढावर. हा तळमजल्यावर आहे. बसथांब्यापासून सहा मिनिटं, पण मध्ये बागेचं बाकडं आहे. मी बसून बघितलं. सोमवारी साडेदहाची वेळ घेतलीय. तुम्ही कबूल झाला नसतात, तर ओढत नेणार होते."

काकांनी चष्मा नाकावर घेतला आणि सवयीनं आधी घराचा नंबर वाचला.

"चार," ते म्हणाले. "म्हणजे रस्त्याच्या तोंडाशीच. अगदी मध्यवर्ती की!"

"मग!" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं पोस्टमनबरोबर संसार केला, मला साधा पत्ता निवडता येणार नाही होय?"