चौथा खटका

आजवर माझ्या तोंडून गिटार बोलत आली. आज मी माझं स्वतःचं बोलतोय, तेव्हा आवाज मध्येच खरखरला तर सांभाळून घ्या. मी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. बटण दाबल्या दाबल्या मी बोलत नाही. आधी व्हॉल्व्ह तापतात, लालसर होतात, मग कुठे मला कंठ फुटतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे बायका ओळीने बसून तारा जोडत. जिने माझ्या तारांना डाख दिले, ती काम करता करता शेजारणीला सासूची गाऱ्हाणी सांगत होती. हात मात्र तिचा एकदाही चुकला नाही. शेवटी चष्मेवाल्या तपासनिसाने पेन्सिलीने माझा एकेक व्हॉल्व्ह ठोकून पाहिला, कान लावला आणि म्हणाला, "गोड आहे." त्या एका शब्दावर मी बरीच वर्षं फुशारलो.

दुकानातून मला एका गिटारवाल्याने उचललं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि घरात कपाट यायचं ठरलं होतं. कपाटाच्या जागी मी आलो. त्याच्या बायकोने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"यात कपडे कुठे ठेवायचे?"

"हा वाजतो," तो म्हणाला.

"ते दिसतंय."

पण ती मनात ठेवणारी नव्हती. तिने माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल घातला आणि त्यावर फुलदाणी ठेवली. तो वाजवायला लागला की फुलदाणी थरथरत काठाकडे निघे. मग ती स्वयंपाकघरातून येई, फुलदाणी मध्ये सरकवी आणि परत जाई. त्यांना मुलगी झाली तेव्हा माझ्यासमोर पाळणा आला. त्या दिवसांत तो मला इतका हळू वाजवी, की मलाच माझा आवाज नवा वाटे.

पोटापाण्यासाठी तो एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये होता. संध्याकाळी हॉलमध्ये जेवणं चालत, मग टेबलं बाजूला सारून नाच. तो माझ्या अगदी पुढ्यात उभा राहायचा आणि त्याच्या डाव्या कानाशी ड्रमवाल्याच्या झांजा. हॉटेलच्या मॅनेजरला हरतऱ्हेची गाणी हवी असत. माझा आवाज एकच, गोल, उबदार. जेवणाच्या वेळी तो शोभायचा, नाचाच्या वेळी मात्र लोक खुर्चीतून उठत नसत.

तेव्हा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, मदतीला आला. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भाचीमुळे सगळं घरच त्याला मामा म्हणे. त्याने माझी पाठ उघडली, आत डोकावला आणि म्हणाला, "भाऊजी, जागा भरपूर आहे. याला तीन आवाज शिकवू."

त्याने माझ्या तोंडावर ओळीने तीन भोकं पाडली आणि तीन खटके बसवले. पहिला वर केला की आवाजाला चमक यायची. दुसऱ्याने तो जाड व्हायचा, गळा भरून आल्यासारखा. तिसऱ्याने फाटायचा, रागावलेल्या माणसाचा फाटतो तसा. भोकं पाडताना दुखलं, पण त्या रात्री हॉलमधली माणसं खुर्च्या सोडून उठली. गिटारवाल्याने घरी आल्यावर मामाला मिठी मारली. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं ती.

पुढे पुढे पहिला खटका खाली यायचाच बंद झाला. जेवण असो की नाच, चमक कायम वर. मग तीही पुरेना.

"अरे, हा मंद झालाय," तो मामाला म्हणे. "वरचे सूर कुठे गेले याचे?"

मामा माझ्यातला चमक ठरवणारा भाग, कंडेन्सर, बदले आणि चमक वाढवी. थोड्या महिन्यांनी पुन्हा तेच. माझा आवाज सुईसारखा होत गेला. हॉलमधल्या बायका पुढची टेबलं सोडून मागे बसू लागल्या. घरी तो सराव करू लागला की मुलगी बोटं कानात घालून अभ्यास करायची. त्याला वाटे, ती पाठांतर करतेय.

आणि एकटा मीच बिघडलो नव्हतो. त्याच्या मते दाराची घंटा बिघडली होती, फोन बिघडला होता, आणि हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मामाने घंटाही उघडून पाहिली. ठणठणीत होती.

एके दुपारी गिटारवाला मला घेऊन पुन्हा मामाच्या दुकानात आला. मामाकडे एक यंत्र होतं. त्यातून शिट्टीसारखा सूर निघे आणि तो हवा तितका उंच चढवता येई. तो सूर माझ्यातून सोडून मी कुठे अडखळतो ते मामा पाहणार होता.

"ऐकू आला की सांगा, भाऊजी."

मामा हळूहळू सूर चढवत गेला. मी एकदाही अडखळलो नाही. गिटारवाला माझ्यापुढे स्टुलावर बसून वाट बघत होता. सूर अजून वर गेला. बाहेरचं कुत्रं उठून निघून गेलं.

"अरे, लाव की," गिटारवाला म्हणाला.

मामाचा हात यंत्रावर तसाच राहिला. इतक्यात शेजारचा शिंपी दारात आला. "अहो, ती शिट्टी बंद करा. डोकं उठलं माझं."

"काय म्हणतोय हा?" गिटारवाल्याने विचारलं.

मामाने सूर बंद केला. त्याचा चेहरा उतरला होता. "काही नाही. माझं यंत्रच बिघडलंय. याला दोन दिवस इथे राहू द्या."

तो गेल्यावर मामा माझ्यासमोर बसला. "भाऊजींना कसं सांगू," म्हणाला. गिटार सोडून दुसरं काही येत नसलेल्या माणसाला हे सांगायचं कसं, ते मलाही सुचलं नसतं. शेवटी तो उठला. माझा कंडेन्सर त्याने पहिल्यासारखा केला, म्हणजे लोकांचे कान वाचले. मग त्याने चौथं भोक पाडलं आणि त्यात चौथा खटका बसवला. त्याला त्याने एकही तार जोडली नाही.

गिटारवाला आला. मामा म्हणाला, "हा वर करा. खास तुमच्यासाठी केलाय."

त्याने खटका वर केला, एक सूर छेडला आणि डोळे मिटले. "हं. आता आलं."

मामा पाठ करून हत्यारं आवरत राहिला.

त्यानंतर वर्षभर तो खटका वर होता आणि गिटारवाला खुशीत होता. पण खटक्याने काही होत नव्हतं, म्हणून आवाजाचं बटण नकळत पुढे पुढे सरकत गेलं. मी ओरडत होतो आणि तो माझ्या पुढ्यात उभा राहून ते सगळं कानांवर घेत होता. मला हात असते तर मी ते बटण मागे फिरवलं असतं.

एका कार्यक्रमाआधी मी अचानक गप्प झालो. आतली एक तार सुटली होती. हॉटेलच्या वायरमनने मला उघडलं, तार जोडली आणि सहज म्हणाला, "हा चौथा खटका कशाला? याला तर काहीच जोडलेलं नाही."

"काय?" गिटारवाल्याने विचारलं.

वायरमनने पुन्हा सांगितलं. त्याला पुन्हा कळलं नाही. शेवटी ड्रमवाल्याने त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. हॉलमधले वेटरसुद्धा वळून बघू लागले. गिटारवाल्याने खटका खाली केला, वर केला, खाली केला. त्या संध्याकाळी तो वाजवत होता, पण हात कुठे होते आणि तो कुठे होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मामा घरी आला.

"तुला माहीत होतं," गिटारवाला म्हणाला.

"तुम्ही खूश होता, भाऊजी."

"मला वेड्यात काढलंस."

"नाही हो. मला धीर झाला नाही."

मामाने हे खाली मान घालून म्हटलं, त्यामुळे गिटारवाल्याला ते ऐकूच गेलं नाही. तो आतल्या खोलीत निघून गेला. नवरा आणि भाऊ यांच्या मध्ये बायको दारात उभी होती. कुणाच्या मागे जावं, ते तिला ठरवता आलं नाही.

मग कानांच्या डॉक्टरकडे जाणं झालं. परत आल्यावर बायको माझ्याशेजारी खुर्चीत बसली आणि मुलीला हळू आवाजात सांगू लागली; हळू बोलायची आता तशी गरज नव्हती. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या आवाजाने गेलंय. वर्षभर आधी थांबला असता तर उरलेलं टिकलं असतं. मी ते सगळं ऐकत होतो. तो मोठा आवाज माझाच होता.

हॉटेलचं काम सुटलं. मी कोपऱ्यात बंद पडून राहिलो. मामाने त्या घराची पायरी चढणं सोडलं. सणासमारंभाला बहीण त्याच्याकडे एकटीच जाऊन येई आणि आल्यावर कुणी तिला काही विचारत नसे.

अशीच बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी गिटारवाल्याने मला उचललं. बायको सोबत निघाली. दुकानात जाऊन त्याने मला टेबलावर ठेवलं. मामा उभा राहिला. त्याचेही केस पिकले होते.

"जे जे घातलंस ते काढ," गिटारवाला मोठ्याने म्हणाला. त्याला आता हळू बोलता येत नसे. "हे सगळं माझ्यासाठी केलेलं. दुसरा कुणी वाजवील त्याला याचा मूळचा आवाज मिळू दे."

मामाने सगळे खटके काढले, जुन्या तारा होत्या तशा जोडल्या. बायकोने दोघांसमोर चहा ठेवला आणि तो निवून गेला. मग गिटारवाल्याने गिटार जोडली आणि वाजवली. बोटं अडखळत होती. वाजवताना तो माझ्याकडे नाही, मामाच्या तोंडाकडे बघत होता.

"कसा आहे? या वेळी खरं सांग."

मामा त्याच्या समोर आला, ओठ नीट दिसतील असा उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "बरा आहे. पण पहिल्यासारखा नाही, भाऊजी."

गिटारवाल्याने मान हलवली. "बरं," तो म्हणाला. त्याने गिटारची वायर काढून गुंडाळली आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवला. हात तिथे थोडा वेळ राहिला. मग मला तिथेच ठेवून नवराबायको घरी गेली.

आता मी मामाच्या दुकानातल्या फळीवर आहे. तोंडावरची भोकं मामाने बुजवली आहेत, पण बोट फिरवलं की लागतात. कुणीतरी मला घेऊन जाईल. जो कोणी नेईल त्याला माझं एवढंच सांगणं आहे. मी हळू आवाजातही चांगला बोलतो, तसं मला वाजवून बघा. आणि कधी वाटलं की हा मंद झालाय, तर मला उघडण्याआधी जवळच्या कुणाला तरी विचारा. ज्याला विचाराल त्याने खरं सांगावं. सांगताना जीव तुटेल. तरी सांगावं.