स्थानिक संपर्क

विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीत आम्ही अकरा जण. माणसांवर करायचं कुठलंही संशोधन आमच्या परवानगीशिवाय सुरू होत नाही. नऊ डॉक्टर-प्राध्यापक, एक वकील आणि मी, दौंडच्या शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. नियमच आहे, एक सदस्य साधा माणूस हवा. शहाण्यांच्या पंगतीत एक अडाणी, असं मी म्हणायचे आणि सगळे हसायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दौंडजवळच्या कुरकुंभच्या एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांच्या तपासणीचा प्रस्ताव आला. रसायनांत राबून किडनीचं काय होतं, ते डॉ. इंद्रजीत यांना बघायचं होतं. संमतिपत्रात सातवं कलम होतं: निकाल कुणालाही, खुद्द त्या कामगारालाही, वैयक्तिक कळवला जाणार नाही. मी विचारलं, का? ते म्हणाले, निकाल फुटला तर कंत्राटदार दुसऱ्या दिवशी माणसाला गेटवरच थांबवतो. आणि ही अट नसेल तर कारखाना आम्हाला आत घेणार नाही. मला पटलं. गेटबाहेर थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. मी हट्ट धरला तो एवढाच, की कागदावर फोन उचलणाऱ्या इथल्या कुणाचं तरी नाव हवं. अध्यक्षांनी माझंच घातलं. पहिल्या पानावर, ठळक: स्थानिक संपर्क, रोझी पाटोळे.

त्याच महिन्यात एका रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर बन्यामीन तो कागद घेऊन घरी आला. माझाच विद्यार्थी. उजव्या हाताची दोन बोटं मशिनमध्ये गेलेली. घरात तो आणि त्याची आई दयाबाई, एवढंच. मी म्हटलं, नीट वाच, सातवं कलम बघ. तोवर त्यानं सही ठोकलीसुद्धा.

"तुमचं नाव हाय ना बाई. मग काय वाचायचं?"

मी रागवायला हवं होतं. मी चहा टाकला.

वर्षभरानं समितीच्या बैठकीत अहवाल आला. नावं नाहीत, नुसते क्रमांक. एक्केचाळीसवर मी अडकले. पुरुष, वय तेहेतीस, किडनीचं काम पाव हिश्शावर आलेलं. पकड मोजता आली नाही, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. याला आजच कळवा, मी म्हणाले. वकील शांतपणे म्हणाले, बाई, ते कलम तुम्हीही मंजूर केलंय, बदल पुढच्या बैठकीत मांडू. पुढची बैठक दोन महिन्यांनी. शिवाय गुप्ततेच्या कागदावर माझी सही होती.

रविवारी बन्यामीन दिसला. चेहरा सुजलेला, चपलेच्या पट्ट्यांचे वळ पायावर उठलेले. मी आडून आडून म्हटलं, एकदा सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घे. तो म्हणाला, झाली की तपासणी मागंच. मग हसून विचारलं, "त्यात काय वंगाळ निघालं का बाई?"

शब्द अगदी ओठावर आला होता. सही केली की ती पाळायची, हे मी छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं. त्या शिकवणीच्या आड मी लपले. नियमाचं नाव पुढे केलं, पण मुळात मी भित्री. ते मला सांगता येत नाही, एवढंच म्हणाले. तो सेकंड शिफ्टला निघून गेला.

पुढचे पाच रविवार मी त्याला लांबूनच सलाम केला आणि चप्पल शोधत बसले. सातव्या आठवड्यात तो शिफ्टमध्येच कोसळला. पुण्याला नेला, दोन दिवसांनी गेला.

नंतरच्या गुरुवारी बैठक झाली. सातवं कलम पाच मिनिटांत, एकमतानं बदललं. निकालाची पत्रं निघाली, एक्केचाळीसचंही. तो माणूस आता नाही, हे मी कुणाला बोलले नाही. पत्रं वाटायचं काम स्थानिक संपर्काचं होतं, आणि ते एक पत्र मला स्वतः न्यायचं होतं.

दयाबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून पत्र मीच वाचून दाखवलं. मग त्या सांगू लागल्या, पुण्याचे डॉक्टर म्हणत होते, महिनाभर आधी आणला असता तर जगला असता.

"हे तुमाला आज कळलं व्हय, बाई?"

हो म्हणता आलं असतं. समितीनंही तसंच लिहून दिलं असतं.

"नाही, दयाबाई. दोन महिने झाले."

त्यांनी माझा हात सोडला.

"मी रोज म्हनायची, दवाखान्यात जा," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तर म्हनायचा, बाई काय बोलल्या न्हाईत, म्हंजी काय नसंल."

पत्र त्यांनी घेतलं नाही. ते माझ्याकडेच आहे.