गारवा जाईल म्हणून

मित्रांनो, माझं वय विचारू नका. गंजलेले पाय बघा आणि समजून घ्या. मी सावर्ड्याजवळच्या एका घरातला जुना फ्रीज आहे. घरधनी हर्षदने मुंबईत मला कुणाकडून तरी वापरलेलाच घेतला आणि टेम्पोत घालून गावी पाठवला. आलो तेव्हा काय माझा थाट! वाडीतल्या प्रत्येक लग्नाला बर्फ माझाच. आता दाराचं रबर सैल झालंय, मी घरघरतो, आणि हर्षदचा धाकटा भाऊ धोंडू मला "म्हातारा घोरतोय" म्हणतो. म्हणू दे! थंडी आणि ऊब मला जितकी कळते, तितकी त्याला सात जन्मांत कळायची नाही.

हर्षद मुंबईला नोकरीला, म्हणून शेती सगळी त्याच्या बायकोच्या, ज्ञानेश्वरीच्या अंगावर. गेल्या श्रावणात भातावर खोडकिड्याचे पतंग उडायला लागले. वर्षाचा तांदूळ त्या शेतातूनच यायचा. ती कृषी केंद्रातून एक काळसर, खरखरीत कार्ड घेऊन आली.

"ओ वयनी, पॉलिश कागद कशाला आणलात? कपाट घासायचाय?" धोंडू हसला.

"गप रे! अंडी हायत ती. आत इवल्या इवल्या गांधीलमाश्या वाढतायत. चावत नाय त्या. शेतात सोडल्या की खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. मग कीड जन्मालाच येत नाय."

पण पाऊस धो धो कोसळत होता; माश्या वाहूनच गेल्या असत्या. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं, उघडीप मिळेपर्यंत फ्रीजमध्ये खाली, भाजीच्या कप्प्यात ठेवा. गारव्यात पिल्लं झोपून राहतात. बर्फात मरतात, आणि ऊब लागली की भराभर वाढून बाहेर येतात. ज्ञानेश्वरीने ओल लागू नये म्हणून कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर घट्ट गाठ मारली आणि मेथीची जुडी सारून माझ्या पोटात ठेवलं. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. मला फार बरं वाटलं.

आणि वाऱ्याने विजेचा खांब पडला.

"फ्रीज कोणी उघडायचा नाय हां! गारवा जाईल," ज्ञानेश्वरीने दम दिला. दुधालासुद्धा हात लावू दिला नाही. आमच्याकडे लाईट गेली की घरोघरी हेच. पण गारवा माझ्या सैल रबरातून केव्हाच निघून गेला होता.

आधी माझ्या भिंती घामेजल्या, मग कोमट झाल्या. पिशवीत चुळबुळ सुरू झाली. अंड्यांना भोकं पाडून एकेक माशी बाहेर आली, उडायला गेली आणि प्लास्टिकला आपटली. अहो, त्या जाग्या झाल्या होत्या! बाहेर धोंडू म्हणत होता, "वयनी, उघडीप झाली. कार्ड लावूया काय?"

"आभाळ अजून भरलेलं हाय. निजलीत ती, निजू देत."

मी ओरडणार तरी कशाने? माझा आवाज म्हणजे ती घरघर, आणि ती विजेबरोबरच गेलेली. हळूहळू चुळबुळ थांबली.

काही दिवसांनी लाईट आली, मी पुन्हा गार झालो, तेव्हा तिने हौसेने पिशवी काढली. तळाशी काळी भुकटी होती.

"ह्या काय रे?"

"धूळ असंल ओ."

तिने ती खिडकीबाहेर झटकली आणि रिकामं कार्ड शेतात नेऊन भाताच्या पानाला टाचलं.

पुढे लोंब्या आल्या त्या खोडकिड्याने पोखरलेल्या, पांढऱ्या, पोचट. दाणाच नाही. ज्ञानेश्वरी शेतावरून आली आणि माझ्यासमोर बसली. "त्या केंद्रातल्या बाईनं फसवलान रे मला. कार्डच खोटं दिलान." मग उठली, ओल्या फडक्याने माझं दार पुसलं आणि म्हणाली, "ह्यो म्हातारा तेवढा इमानी. लाईट नव्हती तरी गारवा सोडलान नाय."

मित्रांनो, ती शाबासकी मला अजून सोसवत नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल आणि त्याच्या पोटात काही जिवंत ठेवलं असेल, तर त्याची घरघर थांबल्यावर गारव्याची काळजी करू नका. दार उघडा हो. आम्हाला ते आतून उघडता येत नाही.