स्टिअरिंग सुनेच्या हातात

सुनेची एकच गोष्ट सासूला खटकायची, पण ती अशी की घशात काटा अडकावा. नवरा शेजारी धडधाकट बसलेला असताना गाडी ही बया चालवायची.

सोफ्यांना, खुर्च्यांना नवा फोम घालून नवं कापड लावून द्यायचं त्यांचं दुकान होतं, आणि माल पोचवायला एक जुनी पांढरी व्हॅन. सून पाठ ताठ करून स्टिअरिंगमागे बसायची. मुलगा शेजारी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन पाहुण्यासारखा बसायचा, आणि बऱ्याचदा खिडकीला डोकं टेकून डुलक्या काढायचा. सासू मागच्या अर्ध्या सीटवर कापडाच्या गठ्ठ्यांत, आपल्याच गाडीत आपणच सामान झाल्यासारखी.

बरं, मुलाला गाडी येत नव्हती असंही नाही. लग्नाआधी हीच व्हॅन तो दुकानाच्या बोळात उलटी घालायचा, दोन्हीकडच्या भिंतींना जराही न घासता. सासू तेव्हा दारात उभी राहायची आणि शेजाऱ्यांनी बघावं म्हणून उगाच मोठ्याने "सावकाश रे" म्हणायची.

लग्न झालं आणि हळूहळू गाडी सुनेकडे गेली. विचारलं तर कारणं तयार. आज त्यांची पाठ धरलीय, आज उन्हाने त्यांचे डोळे दुखताहेत, आणि काहीच नसलं तर मला आवडतं हो आई चालवायला. सासू म्हणायची, मलाही राणी व्हायला आवडलं असतं, आवडून काय होतंय.

वर कुणाकडे तक्रार करायची सोय नव्हती, कारण सून तिनेच शोधून आणलेली. घर बाहेरून येऊन इथे वसलेलं, पण सून रंगाने उजळ, डोळे घारे, चेहऱ्यावरून इथल्याच लोकांतली वाटावी अशी. मुलगा आईच्या वळणावर गेलेला, काळाकुट्ट, दाट भुवयांचा. हा आपल्यातला नाही हे इथल्या कुणालाही लांबून कळावं. लग्नात सासूने सुनेचा रंग जो येईल त्याला असा दाखवला होता, जणू तो तिने स्वतःच्या हाताने दिला होता.

आता सासूचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि दुकान कुणाच्या तरी हाती द्यायची वेळ आली होती. धाकट्या दिराचा मुलगा दुकानातच कामाला होता. हात चांगला, तोंड त्याहून तिखट. तो हसत हसत म्हणायचा की काकू, दादाला बायकोकडून स्वतःच्या गाडीचं स्टिअरिंग मागून घेता येत नाही, तो कामगारांकडून काम काय करून घेणार. सासूने त्याला हातातली मोजपट्टी फेकून मारली होती, पण बोलणं लागायचं ते लागलंच. शिवाय मुलगा कधी एकटा माल घेऊन गेला की हमखास उशिरा परतायचा. कुठे होतास म्हटलं की, रस्त्यात गर्दी होती. दर वेळी तेच. सासू म्हणायची, तुझ्यासाठी बरी माणसं घरं सोडून रस्त्यावर येतात रे.

या आठवड्यात काय ते सांगते, असा शब्द तिने पुतण्याला देऊन ठेवला होता. शब्द जिभेवर आला होता आणि तो मुलाच्या बाजूचा नव्हता.

त्या सकाळी एका निवृत्त हेडमास्तरीणबाईंचा सोफा पोचवायचा होता. जुन्या लाकडाचा, वळणदार हातांचा. त्याचं हिरवं कापड सासूने स्वतः बेतलं आणि शिवलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. बाईंकडे दुपारी पाहुणे येणार होते, म्हणून सगळ्यांची घाई चाललेली. तेवढ्यात सासूने व्हॅनची किल्ली खुंटीवरून काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि जाहीर केलं की आज गाडी माझा मुलगा चालवेल. नाहीतर सोफा इथून हलणार नाही आणि मी त्याच्यावर आडवी होईन.

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले. सासूला वाटलं, बघा, परवानगी मागतोय. सून एवढंच म्हणाली की मग निदान आतल्या गल्ल्यांतून जाऊ. सासू म्हणाली, मोठ्या रस्त्याने, सरळ. चोरासारखं आतून कशाला जायचं?

मुलाने आईकडून किल्ली घेतली.

आणि काय चालवली त्याने गाडी. सासू मागे बसून त्याच्या मानेकडे बघत होती. पुलाजवळचं वळण त्याने असं घेतलं की सोफा जागचा हलला नाही. सून चालवायची तेव्हा तिथे सासूच्या पोटातलं पाणी हलायचं. तिने तसं बोलूनही दाखवलं. सून बाजूच्या आरशात बघत होती.

पूल संपला तशी मागे पोलिसांची गाडी आली, थोडा वेळ मागे मागे राहिली आणि मग तिने दिवा लावला.

सासू घाबरली नव्हती. मुलगा ना जोरात जात होता ना सिग्नल तोडला होता. पण तिने जे बघितलं ते तिला कळेना. पोलीस अजून गाडीतून उतरलाही नव्हता तर मुलाने काच खाली केली होती, टोपी काढली होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला नीट मांडून ठेवले होते, बोटं पसरून. सुनेने समोरचा कप्पा उघडून गाडीचे कागद आणि नवऱ्याचं लायसन काचेपाशी लावून ठेवलं होतं. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नव्हतं. जेवायला बसायच्या आधी ताटं मांडावीत तसं दोघांनी सवयीने सगळं मांडून टाकलं होतं.

दोन पोलीस आले. एक पोरसवदा, एक पोट सुटलेला. पोरसवदा खिडकीतून डोकावला आणि मुलाला म्हणाला, "गाडी कुणाची?"

मुलगा म्हणाला, माझी.

"खरी कुणाची ते सांग."

मुलाने पुन्हा तेच सांगितलं, हात न हलवता. कागद समोर आहेत, घेऊ का, असंही विचारलं. स्वतःच्या गाडीतले स्वतःचे कागद उचलायला तो परवानगी मागत होता. पोलिसाने कागदांकडे बघितलंही नाही. तो वाकून पलीकडे सुनेकडे बघत होता आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"मॅडम, तुम्ही ठीक आहात ना? हा माणूस कोण?"

"माझा नवरा," सून म्हणाली. "आणि मागे बसल्यात त्या माझ्या सासूबाई."

पोलिसाने मागे सासूकडे एक नजर टाकली. तिला, ठीक आहात का, असं त्याने विचारलं नाही.

मग मुलाला खाली उतरवलं. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या एका माणसाने म्हणे अशाच गाडीतून कुठे चोरी केली होती. अशीच म्हणजे पांढरी, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या निम्म्या गाड्या पांढऱ्या होत्या. त्यांतली एकही कुणी थांबवली नाही. सासूचं तोंड उघडलं. ज्या तोंडाला आयुष्यात कुणी झाकण घातलं नव्हतं ते उघडलं, आणि सुनेचा हात मागे आला आणि तिच्या गुडघ्यावर असा दाबला गेला की बोटं रुतली.

"आई, आत्ता नको," सून मागे न बघता म्हणाली. "घरी गेल्यावर मला काय हवं ते बोला."

सासू गप्प बसली. का बसली ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. त्या हातात जोर होता एवढं खरं.

मुलाला फुटपाथच्या कडेला खाली बसवलं. पिशवी उलटी केली. कात्री, हातोडी, दाभण, चुकांचा म्हणजे बारीक खिळ्यांचा डबा, सगळं डांबरावर. वाकडी सुई बघून पोट सुटलेल्याने विचारलं की ही कशासाठी, आणि मुलगा सांगत राहिला, जी साहेब, गादीच्या कडेचा टाका घालायला साहेब. सांगताना तो हसत होता. ते हसू सासूने घरात कधी बघितलं नव्हतं. ओठ तेवढे हसत होते, आणि तेही फार दिवस वापरून झिजलेल्या कापडासारखे. लहानपणी मार खातानाही हा पोरगा असा हसला नव्हता.

मग सोफा उतरवून रस्त्याकडेला ठेवायला लावला. सासू जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. जाणाऱ्या गाड्या हळू होत होत्या, काचांतून लोक बघत होते: हिरवा सोफा, म्हातारी, आणि फुटपाथवर बसलेला काळा माणूस. पोरसवद्याने सोफा कलंडवला, खालच्या अंगाला लावलेलं काळं कापड चाकूने उभं फाडलं आणि आत हात घातला. आत स्प्रिंगा होत्या.

"जा आता," पोट सुटलेला म्हणाला. "आमचं कामच आहे हे." जाताना त्याने सुनेला सलाम केला.

तिघांनी सोफा उचलून आत घातला. मुलाने हत्यारं एकेक करून पिशवीत भरली, चुकासुद्धा वेचल्या. मग तो कुणी न सांगता शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि सून स्टिअरिंगमागे बसली. सासूला वाटलं होतं तो आता शिव्या देईल, दार आपटेल. त्याने नुसती जांभई दिली.

पुढे एका बंद गोदामासमोर सावली होती, तिथे सुनेने गाडी थांबवली, कारण फाटका सोफा गिऱ्हाइकाकडे नेता येत नव्हता. मागचं दार उघडून सासू टाके घालायला लागली. मुलगा कापड ताणून धरत होता. वाकडी सुई तिच्या हाताला सवयीची होती, पण आज ती दोनदा बोटात गेली.

तिने विचारलं की हे कधीपासून. मुलगा म्हणाला, लायसन मिळालं तेव्हापासून. किती वेळा? ते मोजायचं सोडलं आई. एकदा संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं होतं. एकदा ही पोटुशी होती, दवाखान्यात चाललो होतो, तेव्हा. तिथून पुढे हीच चालवायला लागली.

"मी चालवत असले की ते माझ्याकडे बघतात आणि सोडून देतात," सून म्हणाली. "बाकी काही नाही, आई. पाठबीठ काही नाही."

सासूच्या डोक्यात ते सगळे उशीर एकामागून एक यायला लागले, रस्त्यातल्या गर्दीचे. प्रत्येक उशिराला तिने त्याला दारातच धरलं होतं, पाणीसुद्धा पिऊ न देता. तिने टाका ओढला आणि विचारलं की मग मला सांगायला काय झालं होतं.

"तू त्यांच्याशी भांडायला गेली असतीस," मुलगा म्हणाला.

ते खरं होतं म्हणून तिला जास्तच राग आला. मघाशी त्या फुटपाथपाशी मुलाऐवजी ती असती तर तिने त्या पोरसवद्याचा बाप काढला असता, आणि मग तिघंही अजून तिथेच असती, किंवा त्याहून वाईट कुठेतरी. मुलाने सगळं गिळलं आणि तिघांना सोफ्यासकट तिथून बाहेर काढलं. पुतण्याने ते केलं असतं का? त्याचं तोंड तिच्यासारखंच. दिवस मावळायच्या आत तो गजाआड दिसला असता.

हेडमास्तरीणबाई दारातच उभ्या होत्या, घड्याळ बघत. त्यांनी उशिराबद्दल ऐकवलं. मुलगा म्हणाला, "माफ करा बाई, रस्त्यात गर्दी होती." सासूने मान वळवली. इतकं सहज बोलला की तिचाही विश्वास बसला असता.

मुलगा आत सोफ्याचे पाय बसवत होता तेव्हा सासू आणि सून व्हॅनमध्ये थांबल्या. पुतण्याचा फोन आला. पोचला का काकू, दादाला गिअर सापडला का, असं विचारून तो हसला. सासूने त्याला हसू दिलं आणि मग सांगितलं की दुकान दादा बघणार आहे, ठरलं, आणि तुला पटत नसेल तर दार उघडं आहे. तो पुढे काय म्हणतो ते न ऐकता तिने फोन ठेवला.

सून आरशातून तिच्याकडे बघत होती. घारे डोळे, ज्यांचं सासूने गावभर कौतुक केलं होतं. खाली काळी वर्तुळं होती. ती कधी आली हे सासूने बघितलं नव्हतं.

सून हळूच म्हणाली, "बोला आई. घरी कशाला, इथेच बोला."

सासूने बराच वेळ एप्रनवरचे दोऱ्याचे तुकडे वेचले.

"गाडी तूच चालव," ती म्हणाली. "मला ते पटलेलं नाही, मरेपर्यंत पटणार नाही. माझ्या मुलाने त्याच्या गाडीत तुझ्या तोंडाआड लपून बसावं, असं त्याने कुणाचं काय केलंय? पण चालव. त्याला जपलंस, ते मी विसरणार नाही. मात्र एवढी वर्षं मी तुला नाही नाही ते बोलले आणि तू पाठ दुखते, डोळे दुखतात करत ऐकून घेतलंस. मला मूर्ख बनवून ठेवलंस तू, माझ्याच घरात. त्याची माफी नाही."