कोबीची दीक्षा

ताईच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी ही गर्दी! रात्रीच्या कडाक्यानं शेजारच्या वाफ्यांतली रोपं आडवी झाली होती, आणि थंडीबाबा नावाच्या बुवांनी दीक्षा दिलेली कोबीची रोपं मात्र ताठ उभी होती.

"मंत्राच्या कवचापुढे थंडीची काय बिशाद!" बाबा गरजले. मग त्यांनी मला हेरलं. "बघा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सरसुद्धा आलेत!"

मी चटकन हात जोडले. सगळे माझ्याकडे बघत होते, छान वाटलं हो!

दीक्षा म्हणजे काय, तर रोपं काही रात्री ताईच्याच उघड्या अंगणात ठेवायची आणि पाणी जेमतेम द्यायचं. बाबा याला 'रोपांचा उपास' म्हणत. शेवटी मंत्र.

दुपारी ताई धापा टाकत आली. "आज रात्री पुन्हा कडाका आहे म्हणे. मळेवाले संध्याकाळी काचघरातली सगळी रोपं लावायला नेणार. बाबा म्हणतात, आता उपासाला वेळ नाही, नुसता मंत्र पुरे. तू हात जोडलेस म्हणून मीही हो म्हटलं."

 काचघराच्या उबेतली रोपं थेट गारठ्यात! ती मेली तर ताईच्या दारात पुन्हा कोण फिरकणार? थंडी हळूहळू लागली की रोप कसं तयार होतं, हे मी दरवर्षी घसा फोडून शिकवतो, आणि पोरं झोपतात म्हणून ओरडतो. झोपलो होतो मीच!

"ताई, आज मळेवाल्यांना थांबव. काचघरातला एकच ट्रे बाबांकडून मंत्रून घे आणि बाहेर ठेव. अंगणात मागच्या भिंतीशी काही रात्री काढलेला एक ट्रे मंत्राविना राहिलाय, तो त्याच्या शेजारी ठेवू."

"त्यांना सांगू काय?"

"भाऊ शहाणा झाला म्हणून सांग."

"त्यावर कोण विश्वास ठेवील?" ती म्हणाली, पण मळेवाल्यांना थांबवलं तिनं.

सकाळी मंत्रलेली रोपं उकडलेल्या भाजीसारखी लोळत होती. बिनमंत्राची टवटवीत.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"कोणाची? कोबीची?" मी गर्दीकडे वळलो. "अहो, रोपाच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, त्यात स्निग्ध पदार्थ असतात. अचानक गारठा पडला की ते तुपासारखे थिजतात, पडदा फाटतो, आतलं पाणी बाहेर पडतं. थंडी हळूहळू लागली, तर रोप तेच पदार्थ बदलून तेलासारखे पातळ ठेवतं, आणि पडदा टिकतो. काम केलं अंगणातल्या रात्रींनी. मंत्र ऐकायला कोबीला कान नाहीत!"

"सर, काल तर तुम्हीच हात जोडले होते!" बाबा खवचटपणे म्हणाले.

लोक खो-खो हसले. माझे कान तापले, पण पळून जाणार कुठे?

"जोडले होते. म्हणूनच सांगतो, कोण हात जोडतंय ते बघून काही मानू नका. माझं आत्ताचं बोलणंही तसंच मानू नका. घरी दोन ट्रे ठेवा, एक उबेत, एक अंगणात. मंत्र हवा तर दोन्हींना म्हणा. मग कडाक्याच्या रात्री दोन्ही बाहेर ठेवा, आणि जे दिसेल ते माना."

 एका मळेवाल्यानं विचारलं, "मग आमची रोपं कधी मिळणार, ताई?"

"त्यांना थोड्या रात्री बाहेर काढू देत, मग या." ताईनं काचघराचं दार सताड उघडलं आणि माझ्याकडे वळली. "आणि तू रे? भाषण संपलं असेल, तर ट्रे उचल."