सहकाऱ्यांचे की सहकार्यांचे

दत्ताराम नाईकांनी प्रूफाचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"ह्या काय गो वर्षाली? मी लिवन दिलंय 'सहकाऱ्यांचे आभार', आणि हय झाला 'सहकार्यांचे'! पदाधिकाऱ्यांचा तसाच, गावकऱ्यांचा तसाच. सगळ्यांच्या डोक्यार रफार चढवन ठेवलंस. लोक माका हसतले."

दत्ताराम गावच्या नाट्यमंडळाचे सेक्रेटरी. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची होती, आणि ते काम शिरोड्यात वर्षालीशिवाय कोण करणार? घराच्या पडवीत तिचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं असलं काम. आधी चोरीचं सॉफ्टवेअर वापरायची. एकदा व्हायरसने सगळं खाल्लं तेव्हा कुडाळच्या डिप्लोमाच्या वर्गातली मैत्रीण दीपिका आली आणि तिने मशीनवर व्हायरस सहसा न लागणारं लिनक्स घालून दिलं. सोबत पानं लावायचा एक प्रोग्रामही दिला. फुकट मिळणारा, आणि ज्याला कळतं त्याने आतून उघडून दुरुस्त करावा असा. प्रोग्राम गुणी होता, पण मराठीतला आडवा र त्याला कळत नव्हता.

पत्रिकेत अशी एखादी चूक निघाली तर वर्षाली तेवढाच शब्द काळ्या पेनाने लिहून मग छापायला द्यायची. पण सबंध स्मरणिका? तिच्यात तर पानोपानी अधिकारी, सहकारी आणि गावकरी.

"करतंय दुरुस्त," ती म्हणाली.

त्या प्रोग्रामवाल्यांची इंटरनेटवर एक मेलिंग लिस्ट होती, एकाने लिहिलेली ईमेल सगळ्यांना जाणारी. वर्षालीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत अडचण लिहिली. दुसऱ्या दिवशी कुणा मार्टिनचं उत्तर आलं. ही चूक नव्या सोर्समध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरात, दुरुस्त झाली आहे, तयार प्रोग्राम यायला वेळ लागेल, तोवर सोर्स उतरवून घ्या आणि स्वतःच कंपाइल करा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम बांधा. सोपं आहे, चहा होईपर्यंत होतं.

त्या चहाची आठवण पुढे कितीतरी दिवस वर्षालीच्या डोक्यात सणक आणत राहिली.

सोर्स उतरला. कंपाइल करायला घेतला तर म्हणाला, अमुक लायब्ररी नाही, म्हणजे मदतीला लागणारा दुसरा प्रोग्राम नाही. ती आणली तर ती लायब्ररी म्हणे, मला तमुक लागते. तमुक आणली तर ती फार जुनी निघाली, हिची नवी आवृत्ती हवी. पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने सगळी भावकी मागे घेऊन यावं, तसं चाललं होतं. आणि हे सगळं यायचं टेलिफोनच्या तारेतून, मुंगीच्या पावलाने. त्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. गेली की उतरवलेलं सगळं पाण्यात.

घरात फोन एकच. नेट चालू असलं की तो बंद.

"गो, ठेव आता ता," सासू यमुनाबाई बाजारातून मासे विकून आल्या की पहिलं हेच बोलायच्या. "सुगंधाचे दिवस भरले आसत. खयच्याय टायमाक फोन येतलो."

सुगंधा म्हणजे यमुनाबाईंची लेक, डोंबिवलीला दिलेली. वर्षालीचा नवरा सर्वेश बोटीवर, त्यामुळे घरात या दोघीच.

"झाला आये, ह्या शेवटचा," वर्षाली म्हणायची. आणि खरंच तिला प्रत्येक वेळी ते शेवटचंच वाटायचं.

त्या दिवशी सकाळपासून वीज होती. सगळ्यात मोठी लायब्ररी उतरत होती आणि दुपार कलली तरी वर्षाली पडद्यासमोरून हलली नव्हती. आता थोडंच राहिलं होतं. तेवढ्यात शेजारचा दुकानदार लवू धावत अंगणात आला.

"यमुनाकाकी! सुगंधाक चेडू झाला! जावय सकाळपासना फोन करता, तुमचो फोन लागणाच नाय. शेवटी माका केल्यान!"

यमुनाबाई मासे साफ करत होत्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, पडवीत आल्या आणि मोडेमची वायर उपटली. मग फोनला वायर लावून त्यांनी डोंबिवलीचा नंबर फिरवला. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते. नात बरी होती, पण सुगंधाला बाळंतपणाला आत घेतलं तेव्हा तिने दोनदा आईला फोन लावायला सांगितलं होतं.

वर्षालीला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या बुडाशी संतापही होता, कारण पडद्यावर लायब्ररीचं उतरणं मधेच तुटलं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागणार होती. त्या संतापाची तिला आणखीच लाज वाटली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "आये, चुकला माझा."

"चुकला तर चुकला," यमुनाबाई भातात कढी कालवत म्हणाल्या. "पण ता तुझा संपतला कधी? घरात पोर जन्माक येता, आणि तुझा काय संपणा नाय."

सकाळच्या एसटीने वर्षाली सावंतवाडीला गेली. तिथल्या सायबर कॅफेत दिवसभर बसून तिने लागेल ते, न लागेल ते, सगळं सीडीवर भरून घेतलं. आता तरी सुटका होईल असं वाटलं. घरी येऊन कमांड दिली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी धो धो वाहत सुटल्या, आणि मग थांबल्या. एरर. फाइल सापडत नाही. फाइल तर समोर होती, अगदी नाकासमोर!

तिने पुन्हा केलं, पुसून केलं, मशीन बंद करून केलं. शेवटी मार्टिनला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, माझ्याकडे चालतं.

"तुझ्याकडे चालता तर मी काय करू रे मेल्या?" वर्षाली पडद्यावर एवढ्या जोराने ओरडली की आतून यमुनाबाई बाहेर आल्या.

"कोण आसा?"

"कोण नाय. फाइल समोर दिसता आणि ह्यो म्हणता नाय!"

यमुनाबाईंनी वाकून पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. चहाचा कप ठेवून त्या गेल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिला चहा आणून दिला होता, आणि तो घोट घेता घेता वर्षालीने एरर पहिल्यांदा सावकाशीने, अक्षर न् अक्षर वाचली. फाइलच्या पत्त्यात मधेच प्रश्नचिन्हांची माळ होती. तिने सगळं ज्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं त्याचं नाव होतं 'स्मरणिका'. तेवढा शब्द प्रोग्राम बांधणाऱ्या स्क्रिप्टला वाचता येत नव्हता.

म्हणजे मराठी नीट दाखवायला निघालेला प्रोग्राम मराठी नावाच्या फोल्डरमध्ये बांधताच येत नव्हता. हसावं की कपाळ बडवावं ते तिला कळेना. तिने फोल्डरला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं आणि कमांड पुन्हा दिली. ओळी वाहत राहिल्या. मधे वीज गेली नाही, हे नशीब.

संध्याकाळी तिने 'सहकाऱ्यांचे' टाइप केलं. र आडवा, य च्या मानेला नीट बिलगलेला. प्रिंट काढून ती नुसती बघत बसली.

दत्तारामांनी भिंग लावून सगळी पानं तपासली. "आता बरा झाला," ते म्हणाले आणि देणगीदारांची आणखी नावं तिच्या हाती दिली.

वर्षालीने मात्र लिस्टवर लिहून टाकलं. कुठल्या लायब्ऱ्या लागतात, कुठल्या क्रमाने लागतात, प्रोग्राम बांधायच्या सूचनांमध्ये काय लिहायचं राहिलंय, आणि ती फोल्डरची गोष्ट. मार्टिनने विचारलं, फोल्डरला असल्या लिपीत नाव देतं तरी कोण?

तिने एकाच ओळीत उत्तर पाठवलं: "जे या लिपीत लिहितात ते."

दोन दिवसांनी मार्टिनने माफी मागितली, स्क्रिप्ट दुरुस्त केली आणि सूचनांच्या खाली वर्षालीचं नाव घातलं. शेवटी एक विनंतीही होती. पुढची आवृत्ती तयार होतेय, ती तपासून पाहाल का? त्यासाठी काही नव्या लायब्ऱ्या लागतील.

"परत?" यमुनाबाईंनी दारातून विचारलं. त्यांची डोंबिवलीला जायची पिशवी भरून झाली होती. आत खोबरेल, सुकी कोलंबी आणि जुन्या लुगड्याची दुपटी.

"परत," वर्षाली म्हणाली.

"मगे तू येतंस काय माझ्यावांगडा? बारसो आसा. सुगंधा तुझी वाट बघता."

वर्षालीला वाटलं होतं, सुगंधा वर्षभर तरी आपलं तोंड पाहणार नाही. तिने मार्टिनला लिहिलं, भाचीला बघायला चालले आहे, परत आल्यावर बघते. मग मशीन बंद केलं, वर फडकं टाकलं आणि साडी काढायला आत गेली.